एका अंताचे तीन निवाडे

ग्रंथांचा इतिहास लिहिला जातो, ग्रंथकारांचा लिहिला जातो. वाचकाला काय वाटले याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. चित्रपटांच्या बाबतीतही असेच घडते. प्रेक्षक पदरचे पैसे मोडून तिकीट काढतो, दोन घटका हसतो किंवा दचकतो, घरी परतताना वाटेत सोबत्याशी चार शब्द बोलतो आणि त्याचे ते मत वाऱ्यावर विरून जाते. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो खरे. परंतु त्या पाच मुखांनी नेमके काय सांगितले, हे टिपून ठेवण्याची तसदी कोण घेतो?

या नियमाला अपवाद ठरलेल्या एका चित्रपटाची कथा आम्ही येथे सांगणार आहोत. चित्रपट अमेरिकेतला, अत्यल्प खर्चात घाईघाईने उरकलेला आणि भय व विनोद यांची खिचडी असलेला. त्याचे नाव ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’, म्हणजे ‘भयाचे छोटेसे दुकान’. तो १९६० साली पडद्यावर आला. त्याच कथेवर १९८२ साली संगीत नाटक झाले आणि १९८६ साली त्या नाटकावरून दुसरा, भरभक्कम खर्चाचा चित्रपट निघाला. कथा एकच, परंतु तिच्या अंताविषयी प्रेक्षकांनी तीन वेळा तीन निराळे निवाडे दिले. तिसरा निवाडा इतका कठोर होता की, त्यापुढे निर्मात्यांना मान तुकवावी लागली आणि चित्रीकरण पूर्ण झालेला अंत कापून टाकून नवा अंत जोडावा लागला.

असल्या उथळ चित्रपटासाठी या त्रैमासिकाची पाने का खर्च करावीत, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना आमची एवढीच विनंती की, शेवटपर्यंत वाचावे. वरवर पाहता हा एका माणूसखाऊ रोपट्याचा पोरखेळ आहे; परंतु प्रेक्षकांपुढे दरवेळी जो प्रश्न उभा राहिला, तो पोरखेळ नव्हता. पाप करणाऱ्या एका गरीब, भाबड्या तरुणाला शिक्षा व्हावी की क्षमा, असा तो प्रश्न होता.

दोन दिवस आणि एक रात्र

या कथेचा आरंभ रॉजर कॉर्मन या निर्माता-दिग्दर्शकापासून होतो. ५ एप्रिल १९२६ रोजी डेट्रॉइट शहरात जन्मलेले कॉर्मन स्टॅनफर्ड विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी शिकले होते. कारखानदार जशी यंत्राची, वेळेची आणि मजुरीची काटकसर करतो, तशी काटकसर त्यांनी चित्रपटांत केली. शंभर चित्रपट काढूनही आपण एक छदाम गमावला नाही, अशा अर्थाचे नाव त्यांनी १९९० साली आपल्या आत्मचरित्राला दिले. मे २०२४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी, २००९ साली, ज्या हॉलिवूडने त्यांच्या चित्रपटांची वर्षानुवर्षे टिंगल केली, त्याच हॉलिवूडने त्यांना सन्माननीय ऑस्कर अर्पण केला होता. त्याचे कारण उघड आहे. त्यांच्या स्वस्त चित्रपटांच्या कार्यशाळेतच फ्रान्सिस फोर्ड कपोला, मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, रॉन हॉवर्ड असे पुढील काळातील नामवंत दिग्दर्शक घडले. जपानमधील जेजुइट मिशनऱ्यांच्या छळाची कथा ‘सायलेन्स’ या चित्रपटात २०१६ साली सांगणाऱ्या स्कॉर्सेसी यांनी १९७२ साली कॉर्मन यांच्यासाठी एक स्वस्त चित्रपट दिग्दर्शित केला होता, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

१९५९ साली कॉर्मन यांनी ‘अ बकेट ऑफ ब्लड’ हा चित्रपट अवघ्या पाच दिवसांत चित्रित केला. मृतदेहांवर माती थापून त्या ‘शिल्पां’च्या बळावर नावलौकिक मिळवणाऱ्या एका हॉटेलातील पोऱ्याची ती कथा. भय आणि विनोद एकत्र नांदू शकतात, हे त्यातून त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर लवकरच एका स्टुडिओत उभारलेला देखावा मोडीत निघण्यापूर्वी वापरता येईल, असे त्यांना कळले. तेव्हा, दोन दिवसांत चित्रपट होतो की नाही ते पाहूच, अशी जिद्द त्यांनी धरली. १९६० सालापासून नटांच्या मोबदल्याचे नियम बदलणार होते आणि म्हणून डिसेंबर १९५९ मध्येच काम उरकण्याची घाई होती, असेही कारण सांगितले जाते.

पटकथाकार चार्ल्स ग्रिफिथ यांच्याकडे कथेचे काम होते. त्यांनी नंतर सांगितलेली हकीकत मोठी मजेदार आहे. गिऱ्हाइकांनाच शिजवणाऱ्या एका आचाऱ्याची कल्पना त्यांनी पुढे केली. चित्रपटांसाठी त्या काळी लागू असलेल्या आचारसंहितेत असले काही बसणार नाही, म्हणून ती बारगळली. मग ग्रिफिथ यांनी विचारले, माणसाने माणूस खाल्लेला चालत नसेल, तर झाडाने खाल्लेला चालेल काय? त्याला मात्र होकार मिळाला!

ही आचारसंहिता म्हणजे काय, हे कॅथोलिक वाचकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. १९३० साली तिचा मसुदा तयार करणाऱ्यांत फादर डॅनियल लॉर्ड हे जेजुइट धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथोलिक प्रकाशक प्रमुख होते. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथोलिक गृहस्थाच्या देखरेखीखाली तिचा कसोशीने अंमल सुरू झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील बिशपांनी ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संस्था उभारली आणि तेथील लक्षावधी भाविकांनी हीन अभिरुचीचे चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेतली. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ या विश्वपत्रात या उपक्रमाची प्रशंसा केली. प्रेक्षकांच्या संघटित मताने चित्रपटसृष्टीला वळण लावण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता. १९६८ साली ती आचारसंहिता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी वयोगटानुसार चित्रपटांची वर्गवारी आली. फादर लॉर्ड यांच्या मसुद्याच्या दूरच्या पडछायेत एक माणूसखाऊ रोपटे जन्माला यावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.

तीन दिवस तालीम झाली. मग दोन कॅमेरे एकाच वेळी लावून दोन दिवस आणि एक रात्र एवढ्यात मुख्य चित्रीकरण आटोपले. बाहेरचे प्रसंग लॉस एंजेलिसच्या दरिद्री वस्तीत निराळे टिपण्यात आले. एकूण खर्च सुमारे तीस हजार डॉलर. पार्श्वसंगीतही नवे नव्हते. फ्रेड कात्झ यांनी आधीच्या चित्रपटासाठी रचलेले संगीतच पुन्हा वापरले. रोपट्याला आवाज देण्यासाठी ग्रिफिथ स्वतः पडद्याआड उभे राहून ओरडत होते. नंतर दुसरा आवाज भरावा असा विचार असावा, परंतु तोच कायम राहिला.

सेमूरची कथा

आता कथानक थोडक्यात सांगतो. मुश्निक नावाच्या दुकानदाराचे दरिद्री वस्तीत फुलांचे दुकान. गिऱ्हाईक क्वचितच फिरकते. सेमूर हा तेथला गडी भाबडा आणि धांदरट. हातून काम बिघडल्यामुळे त्याची नोकरी जाण्याच्या बेतात असते. तेव्हा तो आपण वाढवलेले एक विचित्र रोपटे दुकानात आणतो. दुकानात काम करणारी ऑड्री त्याला मनापासून आवडते. तिचेच नाव तो रोपट्याला देतो. रोपटे कोमेजू लागते. काय करावे ते सुचत नाही. योगायोगाने सेमूरच्या बोटातून रक्त येते आणि रहस्य उलगडते: रोपट्याला पाणी नको, रक्त हवे!

बोटे किती दिवस पुरणार? रोपटे वाढते, माणसासारखे बोलू लागते, अन्न मागू लागते. रुळांजवळ सेमूरच्या हातून नकळत एक माणूस दगावतो. भेदरलेला सेमूर त्याचा देह रोपट्यापुढे टाकतो. मग एक दंतवैद्य बळी पडतो; मग आणखी कोणी. इकडे रोपटे पाहायला लोकांची रीघ लागते, गल्ला भरतो, काल हाकलायला निघालेला मालक सेमूरला बेटा म्हणू लागतो.

आमच्या मते चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग या मुश्निकचा आहे. सेमूर रोपट्याला काय भरवतो, ते तो एका रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पोलिसांकडे जायचा निश्चय करतो. परंतु सकाळी दुकानापुढे गिऱ्हाइकांची झुंबड पाहताच त्याचे पाऊल अडखळते. पोलिसांकडे जाणे आजचे उद्यावर पडते. विनोदी चित्रपटातला हा विनोदी प्रसंग. परंतु मनुष्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला झोप कशी लागते, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल.

अखेरीस रोपट्याच्या सन्मानाचा समारंभ ठरतो. सर्वांसमक्ष त्याच्या कळ्या उमलतात आणि प्रत्येक कळीत एकेका बळीचा चेहरा दिसतो. सेमूर पळतो, पोलीस पाठलाग करतात. शेवटी तो दुकानात परततो, सुरा घेऊन रोपट्याच्या जबड्यात शिरतो आणि तेथेच त्याचा अंत होतो. मागून शेवटची कळी उमलते, तिच्यात सेमूरचा केविलवाणा चेहरा दिसतो आणि चित्रपट संपतो.

आपल्याकडच्या वाचकाला येथे भस्मासुराची आठवण होईल. ज्याला वर दिला, तोच देणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवू पाहतो. युरोपीय वाचकाला सैतानाशी करार करणारा फाउस्ट आठवेल. कीटकभक्षी वनस्पती आपल्यालाही परक्या नाहीत. कास पठारावर आणि कोकणातील कातळांवर पावसाळ्यात उगवणारी दवबिंदूची इवलीशी रोपे चिकट थेंबांनी किडे पकडतात, हे अनेकांनी पाहिले असेल. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी तर १८९४ सालीच रक्त शोषणाऱ्या ऑर्किडची कथा लिहिली होती. कल्पना जुनीच, कॉर्मन आणि ग्रिफिथ यांनी तिला गरिबांच्या वस्तीतील दुकानात आणून बसवले, एवढेच.

पहिला निवाडा

चित्रपट प्रदर्शित करायला प्रथम फारसे कोणी उत्सुक नव्हते. दुकानदाराच्या आणि सेमूरच्या चित्रणात ज्यू समाजाचा उपहास दिसेल, अशीही शंका काहींनी घेतली. अखेर तो १९६० साली कॉर्मन यांच्याच संस्थेतर्फे बाहेर पडला. पुढे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या तेथील पद्धतीनुसार, मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘ब्लॅक संडे’ या भयपटाला जोड म्हणून तो दाखवला जाऊ लागला. म्हणजे मुख्य ताटाशेजारची चटणी! त्याला पुढे काही किंमत येईल असे न वाटल्याने कॉर्मन यांनी त्याचे स्वामित्वहक्कही नीट राखले नाहीत, आणि तो सार्वजनिक मालमत्ता होऊन बसला.

परंतु हीच उपेक्षा त्याला वरदान ठरली. साठच्या व सत्तरच्या दशकांत अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना रात्री उशिराच्या वेळा भरून काढण्यासाठी स्वस्त चित्रपट हवे असत. त्यांतून हा घराघरांत पोहोचला. मुलांनी, तरुणांनी, रात्री झोप न येणाऱ्यांनी तो पाहिला आणि एकमेकांना सांगितला. दंतवैद्याकडून वेदना करून घेण्यात आनंद मानणाऱ्या रुग्णाच्या लहानशा भूमिकेत जॅक निकल्सन हा तरुण नट होता. तो पुढे जगद्विख्यात झाला आणि त्या काही मिनिटांच्या भूमिकेपायी त्याचे चित्र चित्रफितींच्या वेष्टनावर ठळकपणे छापले जाऊ लागले!

या प्रेक्षकांनी सेमूरच्या मृत्यूविषयी काय म्हटले? तक्रार अशी कोणी केल्याचे दिसत नाही. याचे कारण आम्हांला असे वाटते की, त्या चित्रपटाचा स्वस्तपणा लपत नव्हता. रोपटे खोटे आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होते. भिंती डळमळीत, संवाद तोंडाला येतील तसे. जेथे काहीच खरे वाटत नाही, तेथे मरणही खरे वाटत नाही. प्रेक्षक घाबरायला बसला आणि हसत उठला. सेमूर मेला तर मेला. लहान मुले खेळात मरतात, तसा तो मेला. एरवी दोष मानला जाणारा तो गबाळेपणाच त्या काळ्याकुट्ट अंताला पचवण्याजोगा करून गेला. भयविनोदी चित्रपटांच्या चाहत्यांना स्वस्त चित्रपटच अधिक का आवडतात, या कोड्याचे उत्तरही बहुधा येथेच असावे. सफाईदार भय माणसाला एकटे पाडते. गबाळे भय सगळ्यांना मिळून हसवते.

दुसरा निवाडा

किशोरवयात हा चित्रपट पाहून भारावलेल्यांपैकी हॉवर्ड ॲशमन हा एक होता. संगीतकार ॲलन मेन्केन यांच्यासह त्याने या कथेचे संगीत नाटक केले. ६ मे १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात ते प्रथम झाले. जुलैमध्ये ते ऑर्फियम नाट्यगृहात गेले आणि १ नोव्हेंबर १९८७ पर्यंत तेथेच चालले. एकूण २,२०९ प्रयोग! तीस हजार डॉलरांच्या चित्रपटातून एवढे पीक निघाले. हीच जोडी पुढे डिस्नेच्या ‘द लिटल मरमेड’ (१९८९) आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) या चित्रपटांच्या गीतांसाठी जगभर ओळखली गेली. ॲशमन मात्र मार्च १९९१ मध्ये, अवघ्या ४० व्या वर्षी, एड्सने निवर्तला.

ॲशमनने अंत अधिकच कडक केला. त्याच्या नाटकात सेमूर मरतो, ऑड्री मरते, मुश्निक मरतो. रोपट्याची कलमे देशभर विकली जातात आणि जग गिळंकृत होते. शेवटी मेलेली सारी पात्रे पुन्हा रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना इशारा देतात, की कितीही मोह झाला तरी असल्या रोपट्याला खाऊ घालू नका. त्याच वेळी छतातून वेली प्रेक्षकांच्या डोक्यावर लोंबू लागतात. उपदेश होता, परंतु गाण्यातून आणि हसण्यातून आलेला. पाच वर्षांहून अधिक काळ लोक हा अंत टाळ्यांच्या गजरात स्वीकारीत होते.

तिसरा निवाडा

एवढ्या यशानंतर मोठा चित्रपट निघणे अपरिहार्यच होते. निर्माते डेव्हिड गेफन, दिग्दर्शक फ्रँक ऑझ, पटकथा स्वतः ॲशमनची. इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत अख्खी वस्ती उभारण्यात आली. सेमूरच्या भूमिकेत रिक मोरानिस, तर नाटकातली एलेन ग्रीनच ऑड्री झाली. लाइल कॉनवे यांनी रोपट्याच्या लहानमोठ्या आकृती घडवल्या. पूर्ण वाढलेले रोपटे हलवायला कित्येक डझन माणसे लागत. त्याचे जड ओठ शब्दांबरोबर हलत नसत, म्हणून ते प्रसंग कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवून टिपावे लागले. बरोबरच्या नटांना त्यासाठी मुद्दाम संथ अभिनय करावा लागे. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलरवर गेला. आपल्याकडे म्हणतात तसे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

अंत नाटकातलाच ठेवला होता. ऑड्री मरते, सेमूर मरतो. मग अवाढव्य रोपटी शहरे तुडवीत निघतात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर चढतात. रिचर्ड कॉनवे यांनी इमारतींच्या छोट्या प्रतिकृती उभारून हा संहार चित्रित केला. या एका भागावर सुमारे पन्नास लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगतात. पहिल्या संपूर्ण चित्रपटाच्या दीडशेपटीहून ही रक्कम अधिक होती.

मग आला प्रेक्षकांचा दिवस. तयार चित्रपट प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांच्याकडून मतपत्रिका भरून घेण्याची तेथे पद्धत आहे. त्यानुसार कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहरी खेळ झाला. ऑझ यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार, प्रत्येक गाण्याला टाळ्या पडत होत्या. प्रेक्षागृहात नुसता आनंद होता. परंतु सेमूर आणि ऑड्री मेले, त्या क्षणी सारे थिजले. जणू कोणी बर्फाच्या पेटीचे दार उघडावे तशी थंडी पसरली. हा चित्रपट पाहा, असे तुम्ही इतरांना सांगाल काय, या प्रश्नाला किमान ५५ टक्के लोकांनी होकार द्यावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात होकार आला १३ टक्के! लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा खेळ लावून पाहिला, निकाल तोच.

येथे ऑझ आणि ॲशमन यांच्या मनाचा मोठेपणा मान्य करावा लागेल. प्रेक्षक अडाणी आहेत, असे म्हणून ते हटून बसले नाहीत. दुःख झाले, परंतु ॲशमनने स्वतःच्या हाताने नवा अंत लिहिला. सेमूर ऑड्रीला वाचवतो, विजेच्या धक्क्याने रोपट्याचा नाश करतो आणि दोघे लग्न करून उपनगरातील छोट्या घरात राहायला जातात. जुन्या अंताची तेवढी एक खूण राहिली: त्या घराच्या बागेत एक चिमुकले रोपटे मिस्कील हसताना दिसते. १९ डिसेंबर १९८६ रोजी, नाताळच्या तोंडावर, चित्रपट याच रूपात प्रदर्शित झाला.

प्रेक्षकांचे चुकले काय?

जो अंत नाटकात टाळ्या घेत होता, तोच चित्रपटात असह्य का झाला? ऑझ यांनी याचे दिलेले उत्तर मार्मिक आहे. नाटकात मेलेला नट पडदा पडल्यावर पुढे येऊन प्रेक्षकांना लवून अभिवादन करतो. तो जिवंत आहे, हे डोळ्यांना दिसते. चित्रपटात मेलेला परत येत नाही. शिवाय कॅमेरा पात्राच्या चेहऱ्याजवळ जातो, डोळ्यांतले पाणी दाखवतो. त्यामुळे प्रेक्षकाची माया अधिक जडते.

आम्हांला यात आणखी एक गोष्ट दिसते. विनोद हा माणसाला माणसाचा नातलग करतो. ज्याच्यासह आपण दीड तास हसलो, त्याच्या फजितीत आपली फजिती ओळखली, तो परका राहत नाही. कायद्याने पाहिले तर सेमूर अपराधी आहे. मृत माणसे रोपट्यापुढे टाकणारा हा तरुण निरपराध ठरू शकत नाही. परंतु प्रेक्षकांनी त्याचे दारिद्र्य पाहिले होते, त्याचे पोरकेपण पाहिले होते, पहिल्यांदा कोणी मायेने बोलल्यावर उजळलेला त्याचा चेहरा पाहिला होता. न्यायाधीशाच्या आसनावर बसवलेले लोक आप्ताच्या रांगेत जाऊन बसले होते. आप्ताला फाशी द्यावी, असे कोण म्हणेल?

याची दुसरी बाजूही दृष्टीआड करून चालणार नाही. ॲशमनचा इशारा खरा होता. थोड्याशा रक्तापासून सुरू झालेली गोष्ट माणसाला कोठे नेते, हे दाखवण्यासाठीच ती कथा होती. नव्या अंतात सेमूरला बायको मिळते, घर मिळते. केल्या कर्माचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. हे सुख जरा स्वस्तातच मिळाले, ही रुखरुख उरते. क्षमा आणि सुटका या दोन वस्तू एक नव्हेत. क्षमेत अपराधाची कबुली असते, पश्चात्ताप असतो, भरपाईची इच्छा असते. कुमसारवेलीपाशी जाणाऱ्या आपल्या घराण्यांतील लहान मुलांनाही हा भेद शिकवला जातो. सॅन होजेच्या प्रेक्षकांना सेमूरसाठी क्षमा हवी होती. चित्रपटाने त्यांना सुटका दिली. कमी पडले असेल ते येथे. प्रेक्षकांची दया चुकली, असे आम्ही म्हणणार नाही.

कापलेला अंतही नष्ट झाला नाही. १९९८ साली एका चकतीवर त्याची कृष्णधवल, अपुरी प्रत झळकली आणि गेफन यांच्या आक्षेपामुळे ती चकती बाजारातून परत घेण्यात आली. अखेर २०१२ साली मूळ रंगीत अंत दुरुस्त करून न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आला आणि त्याच वर्षी घरोघरी पाहण्यासाठी उपलब्ध झाला. या वेळी रसिकांनी त्याचे आनंदाने स्वागत केले. सव्वीस वर्षांत प्रेक्षक निर्दय झाले, असे मात्र नव्हे. काय घडणार हे त्यांना आधीच ठाऊक होते, आणि सेमूर जगलेला दुसरा अंतही त्यांच्या हाताशी होता. मेलेला नायक जणू उशिराने का होईना, पडद्यापुढे येऊन अभिवादन करून गेला होता.

भय आणि विनोद यांची ही जोडी आपल्यालाही अनोळखी नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला, तेव्हा तात्या विंचूच्या बाहुल्याला पाहून मुले किंचाळत आणि पुढच्याच क्षणी लक्ष्मीकांत बेर्डे यांची तारांबळ पाहून खदखदून हसत. घराघरांतून त्या बाहुल्याची नक्कल होई. असल्या चित्रपटांना टाकाऊ म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे. परंतु लोक काय पाहून हसतात आणि नेमक्या कोणत्या क्षणी त्यांचे हसू थांबते, याकडे लक्ष दिले तर त्यांच्या अंतःकरणाचा ठाव लागतो.

‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा काही अगदी लहान मुलांना दाखवण्याजोगा चित्रपट नव्हे. त्यातले दंतवैद्याचे प्रसंग क्रूर आहेत. परंतु घरात मोठी मुले असतील आणि हा किंवा असाच एखादा चित्रपट त्यांनी पाहिला असेल, तर आईवडिलांनी त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: अंत तुमच्या हाती असता, तर सेमूरचे तुम्ही काय केले असते? उत्तर काय येते, हे महत्त्वाचे नाही. उत्तर देताना मूल क्षणभर थांबते की नाही, हे पाहावे. आपल्या आळीत, आपल्या धर्मग्रामात कोणाचे पाऊल घसरल्याची वार्ता येते, तेव्हा आपण मोठी माणसे सहसा तेवढेही थांबत नाही.